नंबर माझा, बॅट तुझी

प्रिय आक्का,

आज तुझं तेरावं झालं. जेवणं आटोपल्यावर आपल्या शाळेच्या टीममधली विमल आईपाशी बसून म्हणाली, "सुमननं जिंकत आणलेली मॅच शालननं घालवली." आईनं मान हलवली. मी हातातली ताटं खाली ठेवली आणि वही घेऊन माडीवर आले. तू असताना विचारलं नाही, आता विचारते.

आठवतं ना? तू मॅट्रिकला, मी एक वर्ष मागं. मंगळवार पेठेतल्या पोरी बेसबॉल खेळतात म्हणून लोक हसायचे. हातमोजा दोघींत एकच. गल्लीत चेंडू झेलायला तूच शिकवलंस मला, हे कशाला नाकारू?

आणि ती फायनल! शेवटचा डाव, आपण एका रननं मागं. दोघी बाद झालेल्या, तिसरी गेली की संपलं. विमल तिसऱ्या बेसवर उभी. यादीत पुढचा नंबर माझा होता, माझ्यानंतर तुझा. पंचानं नुसतंच पुकारलं, "पाटील". मी उठले, तर तू माझ्या हातातून बॅट ओढून घेतलीस.

"तू बस. पाटीलच बोलावलंय की. कुठली ते कोण बघतंय?"

आणि मी बसले!

काय मारलास तो चेंडू! विमल धावत आली, बरोबरी झाली. यादी पंचाच्या हातातच होती. पण अशी चूक दिसली तरी त्यानं आपणहून बोलायचं नसतं. समोरच्या टीमनं पुढचा चेंडू पडायच्या आत हरकत घेतली तरच ती चूक, नाहीतर खपून जाते. त्यांची कॅप्टन हुशार निघाली. तिनं वेळेत जाऊन पंचाला यादी बघायला लावली. रन रद्द. आणि बाद कोण? नंबर सोडून खेळली ती नव्हे, जिचा नंबर होता ती. म्हणजे मी! बाकावर बसल्या बसल्या आऊट झाले आणि मॅच गेली.

तेही गिळलं असतं गं. पण घरी येऊन आबांना काय सांगितलंस?

"शालनचं ध्यान नव्हतं. नंबर आलेला कळलाच न्हाय तिला, म्हणून मी गेले."

मी तुझ्या तोंडाकडं बघत राहिले. तू वेणी सोडत होतीस. आबा म्हणाले, ध्यान नसेल तर खेळ कशाला? दुसऱ्या दिवसापासून माझं मैदान बंद. तू राज्याच्या टीममध्ये गेलीस, खेळाच्या सर्टिफिकेटवर नोकरीला लागलीस. तुझे पेढे गल्लीभर मीच वाटले.

मी तरी का गप्प बसले? थोरलीला खोटं पाडायचं नाही, हे घरातलं वळण. त्या परक्या कॅप्टनला भर मैदानात बोलता आलं, मला स्वतःच्या स्वयंपाकघरात नाही. याचा राग स्वतःवरही आहे.

गेल्या महिन्यात कळंब्याला तुझ्या घरी, तुझ्या उशाशी मोसंबी सोलत होते. तू माझा हात धरलास. वाटलं, आता बोलशील. तू म्हणालीस, "शालू, आईला संभाळ." एवढंच?

संभाळीन. तिला खरं सांगणार नाही, हा शब्द देते. तिच्याकडं आता तुझ्या गोष्टीच उरल्यात. ती सांगेल, मी ऐकून घेईन. पण आक्का, माफ केलंय असं समजू नकोस. मला खेळायचं होतं.

तुझी धाकटी,
शालन