पाच खोल्यांतली वान-रू

ह्वालिएन, ९ नोव्हेंबर

ती. सू-चिंगताईस,
वान-रूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मला रडू फुटतं, म्हणून पत्र. बाबांचे टाके सुकले का?

इथे रुग्णालयात माझी पाचावर धारण बसली आहे. भूकंपाच्या दिवशी जखमींची रीघ लागली आणि आमचा संगणक दर नोंदीला नाव-पासवर्ड मागत बसला. शेवटी मी माझ्या नावाने उघडला आणि तसाच ठेवला. सगळ्यांनी त्यावरच औषधं नोंदवली. आता त्याच्या मते मी एकाच वेळी पाच खोल्यांत सुया टोचत होते! शुक्रवारी चौकशी आहे. आपलं नाव दुसऱ्याला वापरू देणं नियमाविरुद्ध. नर्सचा परवाना जाऊ शकतो.

आणि खरं सांग. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून आम्ही त्यावर खाऊची हिरवी पुडी ठेवतो. ती त्याच दिवशी गायब झाली. बाबांना घेऊन शेजारच्या बाकावर तूच होतीस.

तुझी धाकटी,
वान-रू

रुइसुइ, १२ नोव्हेंबर

चि. वान-रूस अनेक आशीर्वाद.

हो बाई, मीच खाल्ली! बाबांच्या डोक्यातून रक्त वाहत होतं, माझ्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. संगणकालाही भूक लागते हे मला कुणी सांगितलं होतं?

चौकशीत मान खाली घालू नकोस. लहानपणी माझ्या खोड्या अंगावर घ्यायचीस, तेवढं पुरे. बाबा गल्लीभर सांगत फिरताहेत, की सलाइन माझ्या पोरीनेच लावलं.

माया आहेच, फक्त जेवत जा.
सू-चिंग

ह्वालिएन, १६ नोव्हेंबर

ती. ताईस, शि. सा. न.

सुटले! चौकशीत एकेकीने उठून आपापल्या सुया कबूल केल्या. त्यात एक नोंद खुद्द प्रमुख लो साहेबांची निघाली. बिचारे कानापर्यंत लाल झाले. आता संगणक उघडायला गळ्यातलं कार्ड टेकवलं की पुरे. साहेबांनी नवी हिरवी पुडीही आणून ठेवली, मुदत संपलेली नाही ना, हे दोनदा तपासून.

सगळ्या नोंदी ज्याच्या त्याच्या नावावर गेल्या. बाबांचं सलाइन माझ्यासोबतच्या नर्सच्या, पेइ-यिंगच्या. माझे हात इतके कापत होते, की मला शीरच सापडेना. ताई, तेवढी एक नोंद माझी असायला हवी होती गं. बाबांना खरं काय ते सांगून टाक.

वान-रू

रुइसुइ, १९ नोव्हेंबर

चि. वान-रूस आशीर्वाद.

सोबत हिरव्या पुड्या पाठवते आहे. एक कमी वाटली तर टपालवाल्याला विचार.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, सुई कुणी टोचली ते त्यांनी पाहिलंच नाही. त्यांचा दुसरा हात एक पोरगी धरून होती, ती थरथरत होती पण हात काही सोडत नव्हती. तेवढ्यावरून त्यांनी तुला ओळखलं. ते हात धरणं कुणाच्या नावावर लिहिलंय, असं विचारताहेत. कळव.

तुझी,
सू-चिंग