सोमाचं एकशे शहाऐंशीवं पान

३ फेब्रुवारी, सोमवार

मिळालं! 'छावणी सत्तावीस' या जुन्या अंतराळ मालिकेवरच्या पुस्तकांतलं सहावं, शेवटचं. मालिकेच्या चाहत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधल्या सलमानकडे होतं. कोरेगाव भीमाला त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. प्लास्टिकची पिशवी, वर रबर. देताना म्हणाला, "ताई, पान मुडपायचं न्हाई हां."

लगेच दौंडला आप्पांना फोन. मोतीबिंदूमुळे त्यांना अक्षर दिसत नाही, म्हणून मी रोज एक प्रकरण रेकॉर्ड करून पाठवणार. म्हणाले, "माया, सावकाश वाच. तुझी वाचताना मेल एक्सप्रेस हुती."

५ फेब्रुवारी

पहिली शिफ्ट सुटली की शिक्रापूरच्या खोलीच्या गच्चीवर बसते. खाली हायवे. आप्पा म्हणतात, "मधी हॉर्न वाजला, मला वाटलं यानाचाच हाय."

८ फेब्रुवारी

ग्रुपवर तोच वाद – मालिका खरी की तिच्यावरची पुस्तकं? सलमान म्हणतो, टीव्हीवर दिसलं नाही ते झालंच नाही, पुस्तकं मागाहून कुणीही लिहितं. त्यावर आप्पांचा चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज. "चौतीस वर्षं रेल्वेत पॉइंट्समन हुतो. तोंडी ऑर्डरीवर गाडी सुटत न्हाई. लेखी लागतं. पुस्तक लेखी हाय. जय भीम."

मला माहितीये ते एवढे का भांडतात. मालिकेच्या शेवटच्या भागात सोमा मेकॅनिकचा दोर तुटतो, तो यानाबाहेर राहतो. पुढचं फक्त या पुस्तकात. आणि सोमा आईचा लाडका. रेल्वे क्वार्टरमध्ये भाकरी थापायची थांबून बघायची त्याला. परवाच्या साली दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, तिनं आप्पांना विचारलं होतं, "सोमाचं काय झालं वो?" आप्पा म्हणाले, "बघून सांगतो."

ते सांगायचं राहिलंय.

१४ फेब्रुवारी

राहवेना, पुढचं वाचून टाकलं. पान एकशे शहाऐंशी. दार उघडेपर्यंत हवा संपते. सोमा मरतो. अर्ध्या पानात! इतकी वर्षं वाट बघायला लावून अर्धं पान. लिहिणाऱ्याचा असा राग आला. मग रडले.

१५ फेब्रुवारी

एकशे पंच्याऐंशीपर्यंत नीट वाचलं. मग पुस्तक मिटलं आणि तोंडाला येईल ते बोलत गेले. माझा सोमा दारावर हातोडीचे तीन ठोके मारतो. आतून तीन ठोके येतात. दार उघडतं. सोमा म्हणतो, उशीर झाला, चहा आहे का? नेमका दार उघडताना खाली ट्रकनं हॉर्न दिला. पुन्हा रेकॉर्ड करायचा धीर झाला नाही. तसंच पाठवलं.

कंपनीत दिवसभर केसभर चुकलेला पार्ट रिजेक्ट करते मी. आज स्वतःच बनावट माल पास केला.

तासाभरानं आप्पांचा मेसेज. "आईच्या फोटोफुडं लावलं. दोनदा."

१६ फेब्रुवारी

आप्पांनी ग्रुपवर जाहीर करून टाकलं – सोमा वाचला, लेखी आहे! ग्रुपवर हे पुस्तक वाचलेला एकटा सलमान. त्याचा मला वेगळा मेसेज आला, "ताई, हे कुठल्या पानावर हाय?" खरं ते सांगितलं, आईचंसुद्धा.

पाच मिनिटांनी त्यानं ग्रुपवर लिहिलं, "आप्पा, तुम्ही जिंकला. पुस्तकंच खरी." एवढा कट्टर टीव्हीवाला! मी त्याला 'थँक्यू दादा' लिहिलं.

२८ फेब्रुवारी

आप्पांचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी काढल्यावर पहिलं वाक्य – "भिंतीला रंग द्याया झालाय."

३० मार्च, रविवार

चष्मा आला. आणि ज्याची भीती होती तेच. "पुस्तक आण. आता माझ्या डोळ्यांनी वाचतो." सलमान म्हणाला, हरवलं म्हणून सांगा. पण अजून एक खोटं जमेना. दौंडला जाऊन टेबलावर ठेवलं आणि काही न बोलता निघाले. भेकड आहे मी.

३ एप्रिल

चार दिवस आप्पांचा एकही मेसेज नाही. ग्रुपवरही नाही. आई त्यांच्यापासून दुसऱ्यांदा गेली आणि ह्या वेळी माझ्यामुळे.

६ एप्रिल, रविवार

दौंडला जाऊन आले. आप्पांनी मेथीची भाजी केली होती. निघताना पिशवी हातात दिली, वर रबर. "सलमानला सांग, पान मुडपलं न्हाई."

खोलीवर येऊन उघडलं. एकशे शहाऐंशीव्या पानावर एक घडी न घातलेला कागद ठेवलाय. आप्पांचं गोल अक्षर. माझं रेकॉर्डिंग, शब्दन् शब्द. तीन ठोके. "दार उघडले. हॉर्न वाजला." चहासुद्धा. खाली त्यांची सही, तारीख – बन्सी, पॉइंट्समन, दौंड.

आणि अगदी तळाला, रेल्वेच्या कागदावर लिहायचे तसं –

प्रत माहितीसाठी : माया.