खाडी परत आत आली

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला आता डोळे मिटावे लागतात. तरी एक दुपार स्वच्छ दिसते. तू चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापतेयस आणि कडक इस्त्रीतला एक माणूस दारात खुर्चीवर बसलाय. खाडीकाठची आपली भातजमीन त्याला हवी आहे, भराव टाकून इमारती उठवायला. तू त्याला चहा दिलास नि म्हणालीस, "ती आमची नाय, खाडीची हाय. आमी वरसाला मागून घेतो." तो हसला. "बाई, सातबाऱ्यावर नाव तुमचं आहे." तू भाकरी उलटलीस. "त्ये खाडीला वाचाया येत नाय."

तू गेल्यावर काकांनी जमीन विकली. बांधापलीकडची तिवरं, ती खारफुटीची झाडं, तर कुणी विकत घ्यायचीही तसदी घेतली नाही. डंपर येत राहिले, पाडलेल्या घरांचं राबिट तिवरांवर पडत राहिलं, आणि भरतीचं पाणी ज्या मोरीतून आत यायचं आणि पावसाचं बाहेर जायचं ती मोरीच बुजली. मी तोवर जवळच आचोळ्याला फ्लॅटमध्ये राहायला आले होते. पावसाळ्यात आमच्या तळमजल्यात पाणी शिरायचं आणि हटायचं नाव घ्यायचं नाही. तिथे राहणाऱ्या शेजारीण काकू सोलापूरकडच्या, निवृत्त शिक्षिका. खाडी त्यांनी कधी जवळून पाहिलेलीही नव्हती. एकदा भिजलेल्या गाद्या गच्चीवर चढवताना त्यांनी विचारलं, "हे पाणी पूर्वी कुठं जायचं हो?" मी त्यांना मोरी दाखवायला नेलं. त्यानंतर त्या बाई थांबल्या नाहीत.

मोरी मोकळी करा म्हणून अर्ज नेला की एक कार्यालय म्हणायचं, जागा दुसऱ्या कार्यालयाची. दुसरं म्हणायचं, पहिल्याची. एका साहेबांनी मोठ्या कौतुकाने शहराचा हवामान आराखडा उघडून दाखवला. समुद्र चढतोय, तिवरं शहराला वाचवतील, असं त्यात चांगल्या मराठीत लिहिलं होतं. आमची भरावाची जागा नकाशात हिरवीगार होती. "साहेब, इथं राबिटाचा डोंगर आहे," काकू म्हणाल्या. ते खालच्या आवाजात बोलले, "नकाशा बरोबर आहे मॅडम. जागेवर काय आहे, ते आमच्या विभागात येत नाही." त्याच पावसाळ्यात जमीन घेतलेल्या बिल्डरने त्याच भरावावर मांडव घालून गुलमोहराची रोपं लावली, वसुंधरा वाचवायला. ते साहेब पाहुणे होते. दिवाळीपर्यंत रोपांच्या काड्या झाल्या.

शेवटी काकू गावातल्या बायकांना घेऊन कोर्टात गेल्या. निकाल आमच्या बाजूने लागला, आणि मग नुसताच पडून राहिला. गेल्या हिवाळ्यात एकदाचं राबिट उपसायचं मशीन आलं, तेही मोरीपुरतं. आम्ही काठावर उभ्या. राबिट निघालं, मशीनवाला जेवायला गेला, मोरीखाली नुसता काळा चिखल. काकूंचा चेहरा पडला. मी म्हटलं, थांबा, ओहोटी आहे. मग भरती लागली. आधी चिखल नुसता चमकला, पाठोपाठ पाण्याची बारीक जीभ आत सरकली आणि बघता बघता मोरी भरून वाहू लागली. कसलाही आवाज नाही. पाण्याबरोबर बोय माशांची पिल्लं आत शिरली, बगळे कुठून आले कळलं नाही. काकूंनी माझं मनगट धरलं. "ही रोज येते?" "दिवसातून दोनदा." त्यांनी वाकून पाण्यात बोटं बुडवली. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं ही रोज बंद मोरीपर्यंत येऊन परत जात होती?" मी खाडीकाठची, पण मला हे कधी सुचलं नव्हतं.

आणि परवा पाहिलं, चिखलात तिवरांची रोपं उभी आहेत. कुणी लावली नाहीत, मांडव नाही, पाहुणे नाहीत. बोटाएवढी रोपं, दोन-दोन जाड पानांची, तुटक्या टाइल्सच्या फटीतून वर आलेली. निवट्या, चिखलावर सरपटणाऱ्या त्या इवल्या मासळ्या, त्यांच्यामधून उड्या मारत होत्या. बाकीचा भराव तसाच आहे, त्यावरच्या इमारतींत माणसं राहतात, संसारी, कर्ज काढून आलेली, आपल्यासारखीच. इथूनच एक रस्ता न्यायचा विचार चालू आहे असंही ऐकलं. काकू पुन्हा फाइल घेऊन बसल्यात. मला पुढचं काही सांगता येत नाही. पण परवा मी वाकून ती रोपं एकेक करून मोजली.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, तेव्हा कपाटात ठेवून देईन. एक सांगायचं राहिलं. हल्ली उधाण दिवसाउजेडी असलं की मी ऑफिसात अर्धी रजा टाकते. कारणाच्या रकान्यात लिहिते, माहेरी जायचं आहे.