फुगलेल्या पिठावरचा अंगठा

देवरी, ४ जानेवारी २०२५

ती. सासूबाईंना अल्काचा सविनय जय भीम, वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहून राहिली. तुमच्या लेकाचा अजून पत्ता नाही. दिवाळीनंतर रायपूरकडच्या कारखान्यात गेले, काही दिवसांतच फोन बंद. ठेकेदार म्हणतो, काम सोडून गेला.

आचलला डब्यात पाव हवा असतो. दुकानातला परवडत नाही, म्हणून हे गोंदियाच्या बेकरीत शिकले तसा मी घरीच करते. अर्धा मैदा, अर्धी कणीक, चिमूटभर खमीर. भाजायला कुकर, शिट्टी-रिंग काढून, तळाला मीठ पसरून. खालून करपतो. तुमची नात करपलेलं काढून खाते आणि वरून मलाच नावं ठेवते.

आई, हसू नका. एका दुपारी पिठावरचं फडकं काढलं, तर मधोमध अंगठ्याचा खड्डा. पीठ फुगलं का, ते हे असंच दाबून बघत. खड्डा माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू भरून येत होता, म्हणजे नुकताच कोणी दाबला होता. आचल शाळेत होती. दाराला आतून कडी होती.

आता रोज असंच होऊन राहिलं. काय करू, ते लिहा. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची सून अल्का


सौंदड, ११ जानेवारी

चि. अल्काले सुमनबाईचा जय भीम आन् आशीर्वाद.

तुह्यं पत्र वाचलं, तवापासून मले घास जाऊन नाही राहिला. खड्डा सरळ हाये का वाकडा, ते नीट पाय. लहानपणी दारात चेंगरून माह्या लेकाचा, संघदीपचा, उजवा अंगठा वाकडा झाला होता. वाकडा असंल, तर पुढचं मी लिवत नाही.

शेजारचा उदाराम म्हणे, हे बाहेरचं हाये, पाव करनं बंद करा. मी त्याले म्हटलं, माह्या घरचं हाये, बाहेरचं कायले असंल? तू भेऊ नको. पाव करत राय. पोरीले जप.

तुही आई सुमनबाई


देवरी, २ फेब्रुवारी

ती. सासूबाईंना सविनय जय भीम, वि. वि.

खड्डा वाकडाच होता. मी कोणाला बोलली नाही. रोज फडकं काढायची आणि तो भरून येईपर्यंत बघत बसायची. बोट लावायची हिंमत नाही झाली.

परवा दुपारी हे रायपूरच्या बसमधून उतरले. खूप वाळले आहेत. उजवा हात खिशातून काढत नव्हते. आचलनं ओढला तेव्हा दिसलं, अंगठा नाही. मशीनमध्ये बुडापासून गेला. असा हात घेऊन घरी काय तोंड दाखवू, म्हणून फोन बंद करून तिकडेच एका ढाब्यावर पडून राहिले होते.

मी खड्ड्याचं काढलंही नव्हतं. तेच म्हणाले, की नसलेला अंगठा दिवसभर ठणकायचा, फक्त दुपारी थांबायचा. दुपारी तिथं मऊ, ओलसर, उबदार लागायचं. ते काय आहे हे एक दिवस त्यांना ओळखू आलं, आणि ते बसमध्ये बसले.

आज पीठ भिजवलं. हे जवळच बसून होते. फडकं काढलं तर पीठ फुगलेलं, गुळगुळीत. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, आता ठणकत नाही, तिथं काहीच नाही. आणि घरी आल्यापासून पहिल्यांदा रडले.

आई, तुम्ही लवकर या. मला धीर देता येत नाही.

तुमची अल्का