तिसऱ्या चिपेचे नाव

प्रति,
मा. अभिलेखाधिकारी,
मोहोरबंद दस्तऐवज विभाग,
उत्तर विभागीय अभिलेख कार्यालय, ताइपेई.

अर्जदार : फान वेन-श्यांग, वय ७६, निवृत्त कार्ड-रचनाकार.
विषय : लिफाफा क्र. ८०/२१७ उघडण्याबाबत पाचवा व अखेरचा अर्ज.
संदर्भ : आपल्या कार्यालयाची चार नकारपत्रे; पैकी शेवटचे दि. ८ मार्च, प्रजासत्ताक वर्ष ११३ (इ.स. २०२४).

आदरणीय महोदय,

१. अर्जदाराने वर्ष ७७ मध्ये संगणकाच्या खाचेत बसणारे एक विस्तार-कार्ड रचले. मोजे विणणाऱ्या यंत्राच्या एकेका सुईला आज्ञा देणे हे त्याचे कार्य. त्या काळी सोमवारी विक्रीस आलेल्या कार्डाची नक्कल शुक्रवारी शेजारच्या दुकानात मांडलेली असे. म्हणून त्यावरील तीन मुख्य चिपांची छापील नावे अर्जदाराने स्वहस्ते, पॉलिश पेपरने घासून काढली. ते काम इतक्या निष्ठेने झाले की आज त्या चिपा स्वतः अर्जदारासही ओळख देत नाहीत.

२. तरीही श्री. तू छिंग-श्वी यांनी तंतोतंत तसेच कार्ड बाजारात आणले. अर्जदाराने वर्ष ८० मध्ये दावा लावला. श्री. तू यांनी आपला एकेचाळीस पानी आराखडा न्यायालयापुढे ठेवून सांगितले की, चिपेचा एकेक धातूचा पाय तपासून आपण नावे शोधली. हे मनुष्याला अशक्य आहे, अर्थात ही चोरी आहे, असे अर्जदाराने शपथेवर सांगितले. निकाल अर्जदाराच्या बाजूने लागला. आराखडा मोहोरबंद झाला, आणि अर्जदाराच्याच विनंतीवरून अशी अट घालण्यात आली की, जो तिन्ही चिपांची नावे अचूक लिहून देईल त्यालाच लिफाफा उघडून मिळावा. पडताळणीसाठी अर्जदाराने ती नावे एका चिठ्ठीवर लिहून आपल्या कार्यालयाच्या स्वाधीन केली. घरची वही त्याच सायंकाळी जाळली.

३. शतौ येथील श्रीमती श्याव यू-च्यिन यांच्या लहानशा कारखान्यात या कार्डांवर चालणारी बारा यंत्रे होती. गेल्या महिन्यात त्यांचा दूरध्वनी आला : "फान काका, नववं पण गेलं. आता तीन उरली. यंत्रं दणकट आहेत हो, तुमचं कार्डच आधी म्हातारं झालं." नवी यंत्रे घेण्याचे सुचविले असता त्या म्हणाल्या, "नवी यंत्रं पुण्यवान माणसांना. माझी सासू एक्क्याऐंशीची आहे, रोज सकाळी येऊन मोजे उलटे करते. कारखाना बंद झाला तर तिनं सकाळी उठून जायचं कुठं?"

४. नवे कार्ड रचावयाचे तरी जुन्याचा आराखडा हवा, आणि जुने दुरुस्त करावयाचे तरी चिपेचे नाव हवे. तीनपैकी दोन नावे अर्जदारास निश्चित आठवतात. तिसरे आठवत नाही. चालू असलेले एक कार्ड तपासण्यासाठी काढले, तेव्हा तिसऱ्या चिपेचे जीर्ण झालेले पाय तुटले. श्रीमती श्याव यांनी सांगितलेले नववे यंत्र ते हेच, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे. ग्वांगह्वा बाजारात जुन्या चिपांचे खण सांभाळणाऱ्या श्रीमती को यांनी ती मोडकी चिप भिंगाखाली धरली आणि म्हटले, "काका, नाव आणा, उद्या काढून देते. नुसता चेहरा बघून मी नवरासुद्धा निवडला नव्हता." जुन्या माहितीपुस्तिकांचा संग्रहही त्यांच्याकडे आहे, परंतु त्या नावाच्या क्रमाने लावलेल्या आहेत.

५. यापूर्वीच्या चारही अर्जांत अर्जदाराने तिसऱ्या रकान्यात निरनिराळी नावे लिहिली. प्रत्येक वेळी आपल्या सहायिका आत गेल्या, चिठ्ठी पाहून परत आल्या. चौथ्या वेळी त्या म्हणाल्या, "आजोबा, जुळत नाही एवढंच सांगायची मला मुभा आहे. अट घालणाऱ्याला भेटून बघा, तो सैल करील." अट घालणारा त्यांच्यासमोरच उभा होता, हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि अर्जदारास ते सांगण्याचे धैर्य झाले नाही. संभाव्य अशा दोनशे चौदा नावांची यादी सोबत जोडावी आणि आपण त्यांतील चुकीची नावे खोडून द्यावीत, अशी विनंती करण्याचा विचार अर्जदाराने केला होता. ती यादी तयारही आहे. ती जोडलेली नाही.

६. गेल्या रविवारी अर्जदार तेहेतीस वर्षांनंतर श्री. तू यांच्या घरी गेला. त्यांनी चहा ओतला, पेला अर्जदारापुढे सरकवला आणि म्हणाले, "तिसरी? मलाही नाही आठवत. पण कोणत्या पानावर लिहिली ते आठवतं. सतरा." आराखडा त्यांचा आहे, तेव्हा त्यांनीच परत मागावा, असे अर्जदाराने सुचविले. त्यावर ते म्हणाले, "फान, सरकारदरबारी मी चोर आहे. चोरानं चोरीचा माल परत मागायचा? तो माझा आहे असं आधी तू लिहून दे. मग मागतो." त्यांच्या वाणीत राग नव्हता. राग असता तर अर्जदारास ते सुसह्य झाले असते.

७. म्हणून पुढील निवेदन अर्जदार पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाविना करीत आहे. न्यायालयात ते सतरावे पान अर्जदाराच्या हाती देण्यात आले होते. तिसऱ्या चिपेच्या जागी तेथे दोन नावे लिहून खोडलेली होती आणि खाली तिसरे लिहिलेले होते. ज्याने माहिती चोरून आणली त्याला खाडाखोड करण्याचे कारण नसते. ते पान म्हणजे एका मनुष्याचे अनेक आठवड्यांचे चिंतन होते, आणि ते अर्जदारास त्याच क्षणी दिसले. अर्जदाराने ते पान परत केले, आणि त्यानंतर शपथ घेतली. खोडलेली दोन्ही नावे आज स्पष्ट आठवतात. खालचे नाव मात्र आठवत नाही.

८. सबब विनम्र प्रार्थना की, सदर आराखडा श्री. तू छिंग-श्वी यांचीच स्वकष्टार्जित निर्मिती आहे अशी नोंद व्हावी. तो कोणतीही अट न घालता त्यांच्या हाती परत देण्यात यावा. आणि असत्य शपथेबद्दल जे प्रायश्चित्त असेल ते अर्जदारास द्यावे. शक्य झाल्यास क्रम हाच राखावा. उरलेल्या तीन यंत्रांपैकी एक हल्ली अधूनमधून थांबते.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेला,

फान वेन-श्यांग
(मोहोर)
दि. २२ मार्च, वर्ष ११३

सोबत : १) मोडकी चिप, एक, नाव नसलेली. २) वर्ष ८० मधील निकालाची प्रत.

समासातील शेरा, वेगळ्या हस्ताक्षरात :
वाचले. कलम ७ मध्ये खोडलेली नावे दोन लिहिली आहेत. ती तीन होती. बाकी बरोबर. लिफाफा घेण्यास आम्ही दोघे येऊ. — तू छिंग-श्वी (मोहोर)