माझ्या सहीचं गिऱ्हाईक

१२ ऑक्टोबर
जिम्बोचोच्या जुन्या पुस्तकांच्या गल्लीत गेलो नाही. नुसता त्या बाजूने चालत होतो. एक पुस्तक घ्यावं लागलं. आयुष्यभर बेडकांवर कविता केलेला कवी, एकुलता एक संग्रह, आत ब्रशने केलेली सही. त्याचं नाव कोणालाच माहीत नाही, म्हणजे पुढे भाव चढणारच. सुमिएने पिशवी पाहिली. म्हणाली, अहो, पाहुण्यांच्या खोलीची जमीन खचत आली, आता पाहुण्यांना पुस्तकांवर झोपवायचं का? नवऱ्यातली रसिकता बायकोला शेवटपर्यंत दिसत नाही.
आजपासून खरेदी बंद.

१४ ऑक्टोबर
दोन घेतली. शेवटची.
एकावर लेखकाने लिहिलंय, 'ओगिसो गुरुजींना, कृपया सांभाळून ठेवावे.' आणि गुरुजींनी खुशाल विकून टाकलं! काय ही माणसं. माझी माणसं अशी नाहीत. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालो तेव्हा पदरमोड करून 'नळाखालचा चंद्र' हा कवितासंग्रह छापला. प्रत्येकाचं नाव घालून, सही करून, 'कृपया सांभाळून ठेवावे' लिहून वाटला. आजवर एकही प्रत बाजारात दिसलेली नाही. सगळ्यांनी देव्हाऱ्याशेजारी ठेवली असणार.

१९ ऑक्टोबर
हातानोच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात वरच्या फळीवर 'नळाखालचा चंद्र'! आपलंच पुस्तक आपण चाळत उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून हात लावला नाही. कोणीतरी वारलं असणार. एरवी कोण विकतंय?

२० ऑक्टोबर
पुस्तक खपलं!! हातानो म्हणाला, एक ठरलेलं गिऱ्हाईक आहे, तुमचं पुस्तक आलं की फोन करायचा. म्हणजे याआधीही आली होती? हो की, म्हणे. नाव सांगेना. पारखी आहे का, विचारलं. हातानोने आधी खोकून घेतलं. मग म्हणाला, चिकाटी मोठी आहे.
मी दुसऱ्यांची जमवतो, माझी कोणीतरी जमवतंय! जेवताना सुमिएला सांगितलं. तिचा घास हातातच राहिला. म्हणाली, हातानोची जीभ फार सैल झालीय. माझा मोठेपणा तिला सोसत नाही.

२३ ऑक्टोबर
दुसरी आवृत्ती काढायची. प्रस्तावना सुरू केली. 'रसिकांच्या आग्रहास्तव'. पुढे अडलं. त्या रसिकाला भेटल्याशिवाय सुचणार नाही.
उरलेली शेवटची प्रत सही करून हातानोकडे ठेवली. नावाची जागा कोरी. चाहता सापडला की त्याच्यासमोर त्याचं नाव घालणार. हातानो म्हणत होता, सुगायासाहेब, राहू द्या ना. दुकानदारांना नाट्य कळत नाही.

२५ ऑक्टोबर, दुपारी
दुकानासमोर करी-भाताच्या हॉटेलात दबा धरून बसलो. दुसरी प्लेट चालू असताना सुमिए आली. माझ्या पाळतीवर, दुसरं काय! मेन्यूकार्ड तोंडासमोर धरलं. ती माझ्याकडे न बघता थेट हातानोकडे गेली. बाहेर आली तेव्हा पिशवीत कांद्याच्या पातीला टेकून 'नळाखालचा चंद्र'.
योगायोग असावा.

२६ ऑक्टोबर
योगायोग नाही. ती बाजारात गेल्यावर तिची किमोनोची पेटी उघडली. तळाशी माझाच संग्रह, थप्पीच्या थप्पी. मुख्य अभियंत्यांना, कृपया सांभाळून ठेवावे. दातांच्या डॉक्टरांना, कृपया सांभाळून ठेवावे. आणि तिच्या सख्ख्या भावाला.
वळलो तर दारात सुमिए. रागावली नाही. म्हणाली, नव्या वर्षाला दादाच्या मांडीला मांडी लावून पीत बसता ना? त्याचं नाव दुकानाच्या फळीवरच्या प्रतीत वाचलं असतंत तर बसला असता का?
वाईट वाटलं. फारच वाईट वाटलं.
मग धीर करून विचारलं, यात तुझी प्रत कुठली? म्हणाली, मला दिलीत कधी?
आठवून पाहिलं. पोस्टमनलासुद्धा दिली होती. हिला नाही.
निदान वाचलंस तरी? नाही, म्हणे. प्रत्येकावर दुसऱ्याचं नाव. लोकांची पत्रं उघडून वाचते का मी?

२७ ऑक्टोबर
कोऱ्या जागेत लिहिलं, 'सुमिएला'. 'ए' जरा फुगला. खाली 'कृपया सांभाळून ठेवावे'. तिने चष्मा लावून पाहिलं. म्हणाली, तुम्हाला सांभाळतेय, तेवढं पुरत नाही का? पण दुपारी उबदार रजईत पाय घालून वाचायला बसली. मी शेजारीच, पेन्सिल घेऊन. अभिप्राय टिपून घ्यायला.
तिसऱ्या पानावर घोरायला लागली. हळूच पुस्तक काढून घ्यायला गेलो, तर सोडेना.