लागतं, लागत नाही

आई, आज कल्याणचा एक फरसाणवाला ऑफिसात आलेला. तू गेल्यावर मी ठाण्याला ही नोकरी धरली, मशिनवरचे टचस्क्रीन विकतो. त्याने विचारलं, "साहेब, पिठाच्या हाताने लागेल ना?" मी रोजची पोपटपंची केली. एक दाबाचा. वर मऊ पडदा, खाली दुसरा, दाबलं की दोन्ही टेकतात. नख, काडी, हातमोजा, काहीही चालतं, पण पडदा झिजतो. दुसरा काचेचा. त्याला जोर नको, बोटातली वीज हवी, नुसतं टेकवलं की पुरे. दिसतो झकास, पण नखाला आणि निबर कातडीला दाद देत नाही. त्याने दाबाचा घेतला.

तुझा पहिला फोन दाबाचाच होता. डोंबिवलीच्या त्या पोळीभाजी केंद्रात तव्यापुढे उभी राहून तू तो नखाने टोचायचीस, कधी उलथन्याच्या दांड्याने. मग मी हौसेने काचेचा आणला. तव्याने भाजून भाजून तुझी बोटं इतकी निबर झालेली, की तू घासतेयस, दाबतेयस आणि तो ढिम्म. "अगं, दाबू नकोस, नुसतं टेकव." "मेल्याला मी माणूस वाटतच नाही रे!" म्हणून हसलीस आणि जुनाच उचलून पोळ्या लाटायला गेलीस.

तू गेलीस तेव्हा मी सगळं रीतसर केलं. दहावा, तेरावा, केंद्राची किल्ली परत देणं. रडलो नाही. मावशी म्हणाली, "याला काही लागलंच नाही." खरंच होतं ते. इतक्या वर्षांनीही खरंच आहे. आत्ता लिहिताना चहा निवतोय, एवढंच कळतंय.

उद्या सोसायटीत जुन्या चार्जर-बॅटऱ्या न्यायला गाडी येणार आहे. बायकोने पिशवी भरून दाराशी ठेवली. "बघून घे रे एकदा, नाहीतर जाईल सगळं." वरच तुझा तो जुना फोन. चालू होत नाही. पडद्यावरून बोट फिरवलं. सगळा गुळगुळीत, फक्त वरच्या कोपऱ्यात एक खळगा लागला. तिथे माझा फोटो असायचा. त्यावर टोचलंस की मला फोन लागायचा.

काचेवर हे राहिलं नसतं. फोन काढून घेतला. बायकोला म्हटलं, त्यात कामाचे नंबर आहेत. तो चालू होत नाही, हे तिलाही माहीत आहे.

हे पाठवणार तरी कुठे? पण त्या खळग्यात नख ठेवून बघितलं गं. लागलं, आई. थोडंसं.